जोड बघूनच कुस्ती! ‘अहमदनगर’चं ‘अहिल्यानगर’ झाल्यावर गुगलवरची स्पर्धा कशी जोखायची?

अहिल्यानगर : ३१ मे २०२३ रोजी चोंडीत अहिल्यादेवींच्या जयंतीला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा केली. १३ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. त्यानंतर कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, रबरी शिक्के बदलले, एसटीच्या बोर्डावरचं नाव बदललं.

एक पाटी मात्र अशी आहे की ती सरकारला रंगवता येत नाही. गुगलवर माणूस स्वतःच्या बोटाने जो शब्द टाइप करतो, ती ही पाटी. बाहेरगावचा पाहुणा जुनं नाव टाकतो, शाळा-कॉलेजातली पोरं नवं टाकतात आणि गावाकडची माणसं पूर्वीसारखंच नुसतं ‘नगर’ म्हणतात. एकाच जिल्ह्याला तीन नावं, तीही मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळी.

यात सामान्य माणसाचं काय अडलं? ज्याला इंटरनेटवरून गिऱ्हाईक हवं आहे त्याचं बरंच काही अडलं आहे. राहात्याचा पेरू थेट विकू पाहणारा गट, भंडारदऱ्याला तंबू लावणारा तरुण, श्रीगोंद्यात लिंबाची रोपं विकणारा नर्सरीवाला, सुप्याच्या एमआयडीसीजवळचा खाणावळवाला, असे अनेक जण आता वेबसाईट काढतात. त्यांना फोन येतात, ‘तुम्हाला गुगलवर एक नंबरला आणून देतो, वर्षाचं पॅकेज घ्या.’ पैसे जातात, अहवाल येतो, अहवालात ‘एक नंबर’ दिसतोही, पण गिऱ्हाईक काही येत नाही. असं का होतं ते समजून घ्यायचं असेल तर एक गोष्ट शिकावी लागेल, ती म्हणजे कोणत्या शब्दासाठी किती स्पर्धा आहे हे जोखणं.

आखाड्यातला हिशोब

लोक गुगलवर जे शब्द टाकतात त्यांना या धंद्यात ‘कीवर्ड’ म्हणतात. आपली वेबसाईट त्या शब्दाला वर दिसावी म्हणून जे काम करतात ते एसईओ. हे काम सुरू करण्याआधीचा पहिला प्रश्न असतो, या शब्दासाठी समोर उभं कोण आहे?

गावच्या जत्रेतली कुस्ती ज्याने पाहिली त्याला हे वेगळं सांगायला नको. पंच आधी दोन्ही पोरांना शेजारी उभं करतात, वजन-उंची बघतात आणि मगच जोड लावतात. सुरुवातीला नारळावरच्या कुस्त्या होतात, मोठ्या इनामाची कुस्ती सगळ्यात शेवटी. पहिल्याच वर्षी तालमीत गेलेल्या पोराला कुणी शेवटच्या कुस्तीत उतरवत नाही. वेबसाईटच्या बाबतीत मात्र आपली माणसं नेमकं तेच करतात. कालपरवा सुरू केलेली वेबसाईट ‘शिर्डी हॉटेल’ या शब्दाला लढायला पाठवतात.

लाखो निकाल म्हणजे लाखो पैलवान नव्हेत

पहिली गल्लत इथेच होते. एखादा शब्द शोधला की गुगल कधी कधी ‘सुमारे इतके लाख निकाल’ असा आकडा दाखवतं. तो बघून कुणी घाबरतं, तर कुणी आकडा लहान दिसला म्हणून हुरळतं. दोन्ही चूक. हा आकडा मुळात अंदाजाचा असतो, आणि त्यात तो शब्द कुठेतरी ओझरता आलेली पानंही मोजलेली असतात.

जत्रेला दहा हजार माणूस जमला म्हणून दहा हजार पैलवान होत नाहीत. लढत असते ती लंगोट लावून उतरलेल्यांशी. गुगलवर ते म्हणजे पहिल्या पानावरचे साधारण दहा निकाल. दुसऱ्या पानावर जाऊन बघणारी माणसं फार थोडी.

खरे पैलवान किती आहेत याचा अंदाज घ्यायची एक युक्ती आहे. इंग्रजी अक्षरांत ‘ऑलइनटायटल’ असं सलग लिहून त्याला चिकटून कोलनची दोन टिंबं द्यायची आणि पुढे आपला शब्द टाकायचा. मग गुगल फक्त तीच पानं दाखवतं ज्यांच्या शीर्षकात ते सगळे शब्द आहेत. शीर्षकातच शब्द घातला म्हणजे त्या माणसाने त्या शब्दासाठी मुद्दाम पान लिहिलं असण्याची शक्यता जास्त. हाही आकडा अंदाजाचाच, पण मैदानात मुद्दाम उतरलेले कोण आणि नुसते बघे कोण, एवढं त्यातून कळतं.

‘कॉम्पिटिशन : लो’ याचा खरा अर्थ

दुसरी गल्लत जास्त महागात पडते. गुगलचं ‘कीवर्ड प्लॅनर’ नावाचं साधन आहे. गुगल ॲड्सचं खातं उघडलं की ते वापरता येतं. त्यात शब्द टाकला की महिन्याला सरासरी किती शोध होतात ते दिसतं आणि शेजारच्या रकान्यात ‘कॉम्पिटिशन’ म्हणून लो, मिडियम किंवा हाय असं लिहून येतं. पॅकेज विकणारे बरेच जण याच रकान्याचा फोटो पाठवतात. ‘बघा साहेब, कॉम्पिटिशन लो आहे, सहज नंबर लागेल.’

तो रकाना वेबसाईटच्या स्पर्धेचा नाहीच. तो जाहिरातदारांच्या स्पर्धेचा आहे. त्या शब्दावर पैसे देऊन जाहिरात लावायला किती जण बोली लावतात एवढंच तो सांगतो. फुकटच्या निकालांत वर यायला किती जड जाईल याच्याशी त्याचा थेट संबंध नाही.

‘आजचा कांदा बाजारभाव’ हेच घ्या. भाव बघायला आलेल्या शेतकऱ्याला कोण काय विकणार? त्यामुळे या शब्दावर जाहिरातीची बोली लावणारे थोडेच, आणि रकाना ‘लो’ दाखवू शकतो. पण फुकटच्या निकालांत बघा. मोठी दैनिकं, शेतीच्या बातम्या देणाऱ्या वेबसाईट, राज्य कृषी पणन मंडळ, केंद्राचं ॲगमार्कनेट, यूट्यूबवाले, सगळे त्याच एका शब्दासाठी भिडलेले असतात. कागदावर ‘लो’ आणि आखाड्यात चिक्कार गर्दी.

मराठी शब्दांच्या बाबतीत तर हा रकाना आणखी जपून वाचावा लागतो, कारण मराठीतून जाहिरात लावणारे मुळातच कमी. याच साधनात पानाच्या वरच्या जागेसाठी जाहिरातदार किती बोली देतात हेही दिसतं. तो आकडा मात्र कामाचा असतो. ज्या शब्दावर लोक खिशातून पैसे घालतात, त्या शब्दामागे गिऱ्हाईक आहे असा अंदाज बांधता येतो. आणखी एक, जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला शोधांचा नेमका आकडा मिळत नाही, ‘१०० ते १ हजार’ असा मोघम पट्टा मिळतो. शंभर आणि हजार यांत दहापट फरक आहे. त्या पट्ट्यावर धंद्याचा हिशोब मांडायला जाऊ नये.

एसईओवाले एचरेफ्स, सेमरश अशी पैसे देऊन घ्यायची साधनंही वापरतात. त्यांत शब्दाची ‘डिफिकल्टी’ शून्य ते शंभर अशा गुणांत दिसते. हे गुण प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते. एचरेफ्सचा हिशोब मुख्यतः एका गोष्टीवर चालतो, वरच्या दहा पानांना बाहेरच्या किती वेबसाईटनी लिंक दिली आहे. त्यामुळे एकाच शब्दाला दोन साधनं दोन वेगळे आकडे देतात, आणि खेड्यापाड्यातल्या मराठी शब्दांना तर कित्येकदा आकडाच येत नाही. आकडा आला नाही म्हणजे कुणी शोधत नाही असं समजू नये. त्या कंपनीच्या वहीत आपलं गाव नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पहिलं पान वाचायचं कसं?

मग खात्रीचा मार्ग कोणता? पैसे न लागणारा आणि सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे शब्द स्वतः गुगलवर टाकून पहिलं पान नीट वाचणं. मोबाईलवर ‘इनकॉग्निटो’ खिडकी उघडावी. नेहमीच्या खिडकीत आपण आधी काय बघितलं त्याचा थोडाफार परिणाम निकालावर होऊ शकतो, आणि मालकाला आपलीच वेबसाईट वर दिसून खोटं समाधान मिळतं. आपण कुठे बसलोय ते मात्र या खिडकीतही गुगलला साधारण कळतं. म्हणून एखाद्या पुण्याच्या किंवा नाशिकच्या नातेवाइकालाही तोच शब्द टाकून फोटो पाठवायला सांगावा.

मग वरच्या दहा निकालांपुढे एकेक प्रश्न लावायचा.

पहिला प्रश्न, समोर कोण आहे? सरकारी वेबसाईट, मोठी दैनिकं, देशभर चालणाऱ्या बुकिंग कंपन्या असतील तर जोड जड. एखाद्याचा साधा ब्लॉग, यूट्यूबचा जुना व्हिडिओ, फेसबुकची पोस्ट, कोरावरचं उत्तर हे पहिल्या दहात असतील तर समजावं की गुगलला अजून चांगलं पान सापडलेलं नाही. तिथे जागा आहे.

दुसरा प्रश्न, ते पान खरंच याच विषयावर आहे का? ‘पाथर्डी तालुक्यात शेळीपालन शेड खर्च’ असं शोधल्यावर सगळी पानं नुसती ‘शेळीपालन माहिती’ देत असतील, तर पाथर्डीचं उत्तर कुणीच दिलेलं नाही.

तिसरा प्रश्न, पान किती जुनं आहे? तीन वर्षांपूर्वीचे दर, बंद पडलेली योजना, जुना फोन नंबर असेल तर तो पैलवान दमलेला आहे.

चौथा प्रश्न, भाषा कोणती? प्रश्न मराठीत आणि उत्तरं सगळी इंग्रजीत किंवा यंत्राने भाषांतर केलेल्या मोडक्या मराठीत असतील, तर स्वच्छ मराठीत लिहिणाऱ्याला ती मोठी संधी.

पाचवा प्रश्न, निकालांच्या वर काय आहे? जाहिराती, नकाशा, व्हिडिओ यांनीच पडदा भरला असेल तर खाली पहिला नंबर येऊनही तो दिसायला बोटाने दोनदा सरकवावं लागतं. २०२४ पासून गुगल भारतातही काही शोधांना सगळ्यात वर एआयने तयार केलेलं उत्तर दाखवतं. ज्याला नुसती माहिती हवी आहे त्याचं काम तिथेच भागतं आणि खालच्या वेबसाईटवर तो येतच नाही. अशा शब्दाला पहिला नंबर मिळाला तरी पदरात फारसं पडत नाही.

दहापैकी तीन-चार जागा अशा कच्च्या दिसल्या तर नव्या वेबसाईटने तिथे उतरायला हरकत नाही. एकही कच्ची नसेल तर तो शब्द आज सोडावा आणि दोन वर्षांनी परत बघावा.

तीन नावांचा घोळ आणि त्यातली संधी

आता नामांतराकडे येऊ. १९९५ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं, पण हायकोर्टाच्या नावात बॉम्बे अजून आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. राजपत्रात नाव एका दिवसात बदलतं, माणसाच्या बोटाला त्याला वर्षं लागतात. नगरमध्येही ‘अहमदनगर कॉलेज’ शोधणारा विद्यार्थी जुनंच नाव टाकणार, कारण संस्थेचं नावच ते आहे. किल्ल्याचा इतिहास वाचणारा जुनं नाव टाकणार. सरकारी भरती, जिल्हा परिषद, दाखले यांसाठी शोधणारा हळूहळू नवं टाकणार, कारण अर्जावर तेच छापलेलं असतं.

स्पर्धा जोखण्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा. जुन्या नावाच्या शब्दांवर वर्षानुवर्षं बसलेली पानं आहेत, त्यांना जागोजागच्या लिंका मिळालेल्या आहेत. १९९८ मध्ये गुगल सुरू झालं तेव्हापासून त्याची एक मुख्य कल्पना आहे. एका वेबसाईटने दुसरीला लिंक देणं म्हणजे तिच्या बाजूने साक्ष देणं. जुन्या पानांकडे अशा साक्षी साठलेल्या असतात. नव्या नावाच्या शब्दांवर मात्र सगळ्यांनीच नव्याने सुरुवात केली. ज्यांनी आपल्या पानांवर नवं नाव घातलंच नाही, त्यांनी ती जागा मोकळी सोडली.

ही संधी कायमची नाही. दोन्ही नावं एकाच शहराची आहेत हे गुगललाही कळतं, ते नुसती अक्षरं जुळवत बसत नाही. म्हणून दोन्ही नावांची दोन सारखीच पानं काढण्यात अर्थ नाही. एकाच पानावर शीर्षकात नवं नाव आणि मजकुरात एकदा ‘पूर्वीचं अहमदनगर’ असा स्वच्छ उल्लेख, एवढं पुरतं.

‘नगर’ची गोष्ट निराळी. आपल्यासाठी नगर म्हणजे एकच. नगर-मनमाड रस्ता, नगर-कल्याण रस्ता हे महाराष्ट्रात कुणालाही कळतं. गुगलसाठी मात्र देशात गल्लोगल्ली नगरं आहेत, गांधीनगर, शिवाजीनगर, आनंदनगर. नुसत्या ‘नगर’वर स्पर्धा जोखताच येत नाही, कारण शोधणाऱ्याला नेमकं कोणतं नगर हवंय हेच स्पष्ट नसतं. अशा वेळी तालुका किंवा गावाचं नाव कामी येतं. जिल्ह्यात १४ तालुके आहेत. नाव जिल्ह्याचं बदललं, अकोले, पारनेर, शेवगाव, जामखेड यांची नावं आहेत तशीच राहिली. छोट्या धंद्याने आपला शब्द तालुक्याच्या नावाला बांधला की नामांतराच्या घोळातून तो आपोआप बाहेर पडतो.

दोन नावांतलं कोणतं जास्त शोधलं जातं हे ‘गुगल ट्रेंड्स’वर फुकट बघता येतं. मात्र तिथले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नसतात. ज्या काळात शोध सगळ्यात जास्त झाले तो १०० धरून बाकीचं त्या तुलनेत दाखवलेलं असतं. दोन नावं शेजारी ठेवून रेषा कुठे वळतेय ते बघायला ते चांगलं, गिऱ्हाईक मोजायला नाही.

तीन शब्द, तीन वेगळे आखाडे

‘शिर्डी हॉटेल’ : साईबाबांच्या दर्शनाला देशभरातून लोक येतात, त्यामुळे शोध अफाट. पण पहिल्या पानावर मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉम, अगोडा अशा कंपन्या. वर जाहिराती, त्याखाली नकाशा. पाच खोल्यांच्या लॉजने इथे उतरणं म्हणजे नारळावरच्या पोराने शेवटच्या कुस्तीला हात घालणं. त्याच लॉजने ‘शिर्डीत वयस्कर माणसांसाठी तळमजल्यावरची खोली’ किंवा ‘शिर्डी ते शनिशिंगणापूर एका दिवसात कसं जायचं’ अशा प्रश्नांचं नीट उत्तर लिहिलं तर जोड बरोबरीची होते. शोधणारे कमी, पण शोधणारा खोली घ्यायच्या तयारीत असलेला.

‘कांदा बाजारभाव’ : इथे गर्दी किती ते वर आलंच. पण ‘घोडेगाव कांदा बाजारभाव’ किंवा ‘नेप्ती उपबाजार कांदा भाव’ म्हटलं की मैदान लहान होतं. हा शब्द रोज नव्याने लढावा लागतो, कारण कालचा भाव आज कुणाला नको. लिलाव संपल्यावर तासाभरात खरा भाव टाकणारा माणूस जवळ असेल तरच हा शब्द घ्यावा. नाहीतर इतरांचे आकडे उचलून टाकणाऱ्यांच्या रांगेत आणखी एक भर पडते आणि चुकीच्या भावाने शेतकऱ्याचं नुकसान होतं ते वेगळंच.

‘भंडारदरा काजवे’ : मेच्या अखेरीपासून जूनमध्ये पाऊस धरेपर्यंत अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात काजवे चमकतात आणि मुंबई-पुण्याची माणसं येतात. कीवर्ड प्लॅनर वर्षभराची सरासरी दाखवतो. समजा एखाद्या शब्दाचे वर्षाला १२ हजार शोध आहेत आणि त्यातले १० हजार मे-जूनमध्येच होतात, तरी सरासरीत दिसणार महिन्याला हजारच. हंगामी शब्द सरासरीवर जोखला की फसगत ठरलेली. आणि पहिलं पान बघायचं तेही हंगामात. डिसेंबरात मोकळं दिसणारं मैदान जूनमध्ये भरलेलं असू शकतं. पान मात्र मार्चमध्येच लिहून ठेवावं लागतं, कारण नव्या पानाला गुगलवर जम बसायला वेळ लागतो. पेरणीची तयारी मृगात करून चालत नाही, तसंच हे.

श्रीगोंद्याच्या लिंबाचं उदाहरणही बोलकं आहे. ‘लिंबू’ हा शब्द कुणालाही नको, कारण शोधणाऱ्याला भाव हवाय, लोणचं हवंय की औषध, हेच कळत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘साई सरबती’ हा कागदी लिंबाचा वाण आहे. ‘साई सरबती लिंबू रोपे’ असं टाकणाऱ्याला बाग लावायची आहे हे उघड आहे. त्यातही कुणी ‘सरबती’ लिहितं, कुणी ‘शरबती’, कुणी इंग्रजी अक्षरांत. नर्सरीवाल्याने लोक कसं लिहितात ते ऐकावं. दुकानात किंवा फोनवर गिऱ्हाईक जे शब्द वापरतं, ते वहीत टिपून ठेवण्याइतकं चांगलं साधन कोणतीच कंपनी विकत नाही.

नकाशातली स्पर्धा वेगळी

मोटार रिवायंडिंग, दवाखाना, खाणावळ, कृषी सेवा केंद्र अशा धंद्यांना गिऱ्हाईक पंधरा-वीस किलोमीटरच्या आतलंच हवं असतं. त्यांची लढत गुगलच्या नकाशात असते. तिथे वर कोण दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं असं गुगलच सांगतं, शोधाशी धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तो किती लांब आहे आणि तो किती नावाजलेला आहे.

इथे स्पर्धा जोखायला साधनं लागत नाहीत. आपल्या बाजारपेठेत उभं राहून तोच शब्द शोधायचा आणि वरचे तीन बघायचे. त्यांचे फोटो किती, अभिप्राय किती आणि किती ताजे, वेळ आणि फोन बरोबर आहे का? तालुक्याच्या गावात या तिघांतला एखादा बंद पडलेलाही निघू शकतो. गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. ते पूर्ण भरून, पत्त्यात जिल्ह्याचं नवं नाव घालून, खऱ्या गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला सांगितलं तरी अनेकांचं काम वेबसाईटशिवाय भागेल. विकत घेतलेले अभिप्राय मात्र गुगलच्या नियमांत बसत नाहीत, सापडले की उडतात.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. हमी देणारा भेटला की तिथेच सावध व्हावं. बऱ्याचदा तो हमी पाळतोही, पण कुणीच शोधत नाही अशा शब्दावर. स्वतःच्या दुकानाच्या पूर्ण नावावर एक नंबर येण्यात कसलं आलंय कौतुक? समोर पैलवानच नसेल तर कुस्ती कुणीही जिंकेल, पण तिथे इनामही नसतं.

म्हणून एजन्सीला चार गोष्टी विचाराव्यात. कोणकोणत्या शब्दांवर काम करणार? त्या शब्दांच्या पहिल्या पानावर आज कोण आहे आणि त्यातला कोणता निकाल कच्चा वाटतो? ‘कॉम्पिटिशन लो’ हे जाहिरातीचं आहे की फुकटच्या निकालांचं? आणि हे शब्द शोधणारा माणूस गिऱ्हाईक होईल असं कशावरून? चारही उत्तरं साध्या मराठीत मिळाली तर माणूस जाणकार आहे. तिसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

लिंका विकत घेऊन देतो, किंवा जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाच्या नावाने एकसारखी शेकडो पानं काढून देतो, असं कुणी म्हणालं तरी नको म्हणावं. दोन्ही गोष्टी गुगलच्या नियमांविरुद्ध आहेत. मार्च २०२४ मध्ये तर घाऊक पानं काढणाऱ्यांविरुद्धचा नियम आणखी कडक झाला. एजन्सी उद्या दुसऱ्या नावाने उभी राहील. गुगलने बाजूला काढलेली वेबसाईट मात्र मालकाच्याच नावावर राहते.

आधी नारळ, मग इनाम

ज्यांची वेबसाईट आधीच चालू आहे त्यांनी ‘गुगल सर्च कन्सोल’ जोडून घ्यावं. तेही फुकट आहे. आपली वेबसाईट कोणकोणत्या शब्दांना दिसली, सरासरी कितव्या जागेवर आणि किती जणांनी उघडली, हे त्यात मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं बघता येतं. ज्या शब्दांना आपण आठव्या ते विसाव्या जागेवर आहोत ते शब्द वेगळे काढावेत. तिथे आपली ताकद जवळपास पुरते आहे हे गुगलनेच दाखवून दिलेलं असतं. नवा शब्द शोधत बसण्यापेक्षा त्या पानांवर थोडी मेहनत केलेली बरी.

पहिल्या वर्षी दहा-पंधरा लहान शब्द घ्यावेत, ज्यांचं उत्तर जिल्ह्याबाहेरचा माणूस आपल्याइतकं खरं देऊ शकणार नाही. राहात्याच्या पेरूचा बहार कधी तोडणीला येतो, भंडारदऱ्याला जूनमध्ये रस्ता कसा असतो, रोप लावताना श्रीगोंद्याच्या जमिनीत काय काळजी घ्यावी लागते, हे मुंबईत बसलेल्या कंपनीला माहीत नसतं. ती माहिती हीच गावातल्या माणसाची ताकद आहे. अशा शब्दांवर पाय रोवले गेले, चार लोकांनी लिंक दिली, गिऱ्हाईक नावाने विचारायला लागलं, की मग मोठ्या शब्दाकडे बघायचं.

नामांतराने जिल्ह्यातल्या छोट्या धंद्यांना एक मोकळी खिडकी मिळाली आहे. नव्या नावाचे, तालुक्याचे, गावाचे शब्द अजून मोठ्यांनी पूर्ण अडवलेले नाहीत. ही खिडकी किती दिवस उघडी राहील ते कुणी सांगू शकत नाही. पण तिच्यातून आत जायला पॅकेज लागत नाही. मोबाईल हातात आहे, पहिलं पान समोर आहे. समोरचा पैलवान कोण, एवढं आधी नीट बघायचं आणि मगच अंगाला माती लावायची.